कामगारांच्या प्रशिक्षणात युनियनने नेमके काय करावे?

प्रश्न:
आमच्या कारखान्यात जुनी लेथ यंत्रे काढून सीएनसी (संगणकाने चालणारी) यंत्रे बसवली जात आहेत. व्यवस्थापनाने प्रशिक्षण जाहीर केले आहे, परंतु पंचेचाळिशी ओलांडलेल्या कामगारांपैकी जवळजवळ कोणीही नाव दिलेले नाही. मी युनियनच्या समितीत नवा आहे. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, प्रशिक्षण ही व्यवस्थापनाची बाब असून आपण पगार आणि बोनस पाहावा. मला ते पटत नाही, पण युनियनने यात काय करायचे, तेही उमगत नाही.

प्रतिसाद १:
याला आळस समजू नका. आमच्या विभागातील एक जुने फिटर यंत्राचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखत. मात्र पाळी संपताना नोंदवही भरायची वेळ आली की, "चष्मा घरी राहिला, तूच लिही," असे म्हणत. हा चष्मा चार वर्षे घरीच राहिला! लिहिता-वाचता येत नाही हे साहेबांपुढे कबूल केले, तर कपातीच्या यादीत आपले नाव पहिले लागेल, अशी त्यांना धास्ती होती. शेवटी चहाच्या सुट्टीत त्यांनी ते सांगितले, ते युनियनच्या प्रतिनिधीला. व्यवस्थापनाकडे कितीही चांगले प्रशिक्षक असले, तरी ही गोष्ट त्यांच्या कानी जाणार नाही, आणि युनियनचे काम नेमके इथून सुरू होते.

ब्रिटनमध्ये यासाठी युनियनचे स्वतंत्र 'लर्निंग प्रतिनिधी', म्हणजे सहकाऱ्यांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे काम पाहणारे प्रतिनिधी, असतात. मान्यताप्राप्त युनियनच्या अशा प्रतिनिधींना या कामासाठी पगारी वेळ देण्याची तरतूद तेथील २००२ च्या रोजगार कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये १९९८ पासून सरकारचा युनियन लर्निंग फंडही होता; तो २०२१ मध्ये बंद झाला. तेव्हा असे काम केवळ सरकारी पैशावर उभे करू नये, असे मला वाटते.

प्रतिसाद २:
वरील मत मान्य आहे, पण त्यात निम्मीच बाजू आली. आमच्याकडे 'बहुकौशल्य' या गोंडस नावाखाली प्रत्येकाला तीन यंत्रे शिकवली गेली, त्यानंतर तिन्ही यंत्रे एकाच माणसाकडे आली आणि वेतनश्रेणी मात्र जागची हलली नाही. युनियनने त्या वेळी प्रशिक्षणाचे स्वागत करून हार घातले होते, हे विशेष. कोणते प्रशिक्षण पूर्ण केल्यावर कोणती श्रेणी मिळेल, हे करारात आधी लिहून घ्या. वर्ग पाळीच्या वेळेतच आणि पूर्ण पगारी असावेत. आठ तास उभे राहून आलेल्या माणसाकडून संध्याकाळी शिकण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७४ चा १४० क्रमांकाचा करार पगारी शैक्षणिक रजेविषयीच आहे, आणि त्यात व्यवसाय-प्रशिक्षणाबरोबर सामान्य शिक्षण व युनियनविषयक शिक्षणही धरलेले आहे. वाटाघाटीत त्याचा आधार घेता येईल.

प्रतिसाद ३:
एक छोटी भर. चाचणीचे गुण मूल्यमापनाच्या फाइलमध्ये जाणार नाहीत, अशी लेखी हमी घ्या. नाहीतर नावे येणारच नाहीत. प्रमाणपत्रही बाहेर ग्राह्य धरले जाणारे असावे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. गुणांच्या हमीचा मुद्दा आमच्या कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. पुढच्या बैठकीत आधी तोच मांडतो. श्रेणीचा विषय मात्र ज्येष्ठांनीच मांडावा, असे सुचवणार आहे, कारण पगाराचे बोलणे त्यांना माझ्यापेक्षा चांगले जमते.