विषय: ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराने जर्मनीत कामाची सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात म्युनिकला येतेय. नवऱ्याचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) आहे. माझं बी.कॉम., एम.बी.ए. पुणे विद्यापीठाचं, अनुभव अकाउंट्सचा, जर्मनची पाटी कोरी. पुण्याची कंपनी म्हणते, तिकडून काम चालू ठेवा, पगार इथल्याच खात्यात जमा करू. चालेल का? नाहीतर सुरुवात कशी करू?

---

उत्तर: (स्टुटगार्टहून)

ताई, कामाची परवानगी मिळेल का ही काळजी सोडा. जोडीदाराच्या रहिवासी कार्डावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट’ असं लिहिलेलं असतं. त्यात नोकरी आणि स्वतःचा धंदा दोन्ही आलं. कार्ड हातात पडलं की तेवढी ओळ बघून घ्या.

घोळ होतो तो नावाचा. पदवीवर माहेरचं आडनाव आणि मधे वडील, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवरा. इथल्या कारकुनाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. त्यामुळे नोंदणीकृत विवाह दाखल्याची मूळ प्रत आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर तेही बरोबर आणा. मराठी कागदाचं भाषांतर इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

दुसरं, अनुभवपत्र. आपल्याकडच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये तारखा आणि शुभेच्छा, बस्स. जर्मन मालकाला ‘आर्बाइट्सत्सोयग्निस’ लागतं, म्हणजे काय काम केलं आणि कसं केलं याचं सविस्तर पत्र. एचआरकडून निघण्यापूर्वीच लिहून घ्या: कुठली खाती सांभाळली, जीएसटी विवरणपत्रं, टॅली की सॅप, हाताखाली किती माणसं. नोकरी सोडून वर्ष झाल्यावर असं पत्र कोणी देत नाही.

पदवीला मान्यता डॉक्टर, नर्स, शिक्षक यांना घ्यावीच लागते. तुमच्या कामाला नाही. मात्र ‘श्टॉयरबेराटर’ (कर सल्लागार) हे व्यावसायिक नाव संरक्षित आहे, ते लावू नका. तरी ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या यादीवर विद्यापीठाला ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का आणि पदवीची नोंद आहे का ते पाहा. पदवी सापडली नाही तर झेडएबी या परदेशी शिक्षण तपासणाऱ्या सरकारी कचेरीकडून मूल्यांकन मागवता येतं, शुल्क २०८ युरो.

भाषेचं मात्र गांभीर्याने घ्या. तुमच्या व्हिसाला ए१ (जर्मनची पहिली पातळी; पुढे ए२, बी१, बी२) लागत नाही म्हणून लोक निर्धास्त येतात आणि इंग्रजीवर आयटीतल्यासारखी नोकरी मिळेल असं धरून चालतात. अकाउंट्समध्ये ते दुर्मीळ. सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे ६०० तास आणि देशाच्या ओळखवर्गाचे १०० तास, शेवट बी१ ला. लेखा विभागाला बी२ हवं असतं, म्हणून तिथे थांबू नका. सोबत ‘डाटेव्ह’ हे इथलं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि एसकेआर ०३, ०४ हे खात्यांचे आराखडे शिका. आर्बाइट्सआगेंटूरमध्ये (सरकारी रोजगार कचेरी) ‘आर्बाइट्सझुखेंड’, म्हणजे नोकरी शोधणारी, म्हणून नाव नोंदवा. बेकारी भत्ता मिळणार नसला तरी नोंदणी होते, आणि पुढे अशा कोर्ससाठी ‘बिल्डुंग्सगुटशाइन’ (कोर्सच्या फीचं सरकारी व्हाउचर) तिथेच मागायचा असतो. तो देणं न देणं सल्लागाराच्या हातात. दोन-तीन खऱ्या जाहिराती छापून न्या, त्यात डाटेव्ह मागितलेलं दाखवा.

---

उत्तर: (फ्रँकफर्टहून)

पुण्याच्या पगाराबद्दल. पैसे कुठल्या खात्यात जमा होतात याला महत्त्व नाही, काम कुठे बसून केलं याला आहे. म्युनिकमध्ये बसून केलेल्या कामावर कर इथे, सामाजिक विमाही इथलाच. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे खरा, पण त्यातली सूट कंपनीने पाठवलेल्या माणसाला. तुम्ही कुटुंबासाठी येताय, तुम्हाला ती नाही. कंपनीला इथे ‘बेट्रीब्सनुमर’ (मालकाचा नोंदणी क्रमांक) घेऊन हप्ते भरावे लागतील, आणि बहुतेक कंपन्या इथेच मागे सरतात.

मग ‘कंत्राटावर करू’ म्हणतात. हिशेब लिहिणं हा ‘गेवेर्बे’ (धंदा), म्हणून आधी गेवेर्बेआम्टमध्ये (धंदा नोंदणी कचेरी) नोंद, मग एल्स्टर या कराच्या पोर्टलवरून फिनान्सआम्टची (कर कार्यालय) प्रश्नावली. गेल्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल तर ‘क्लाइनउंटरनेमर’ (बिलात व्हॅट न लावणारा छोटा व्यावसायिक) राहता येतं. पण नवऱ्याच्या सरकारी आरोग्य विम्यातलं फुकट संरक्षण महिना ५६५ युरोंच्या वर उत्पन्न गेलं (२०२६ ची मर्यादा) किंवा धंदा हेच मुख्य काम ठरलं की संपतं. तो हप्ता धरूनच दर सांगा. नाहीतर कमाई विम्यातच जाते.

मिनीजॉब, म्हणजे ठराविक मर्यादेपर्यंतच्या पगाराची छोटी नोकरी, याबद्दल मंडळात दोन मतं आहेत. माझं मत: भाषा चालती ठेवायला चांगला, मुक्काम करायला वाईट. २०२६ मध्ये महिना ६०३ युरोंपर्यंत चालतो, या नोकरीला कौटुंबिक विम्याची मर्यादाही ५६५ नाही, हीच, म्हणून तोही टिकतो, पण बेकारी विमा नाही. बेकारी भत्त्यासाठी लागणारे १२ महिने त्याने भरत नाहीत. पेन्शनचा स्वतःचा ३.६ टक्के वाटा, पूर्ण मर्यादेवर साधारण २२ युरो, वाचवायला म्हणून लोक सूट मागतात. मागू नका, ते महिने पेन्शनच्या किमान ६० महिन्यांत धरले जातात.

आणि नोकरी लागायच्या आधीच करवर्गाचं बघा. नवरा वर्ग तीनमध्ये (कर कमी कापला जातो), बायको पाचमध्ये (जास्त कापला जातो) असं असलं की तुमच्या हातात फारच कमी पडतं. वर्षअखेरच्या विवरणपत्रात घरचा एकूण कर तोच निघतो, पण बेकारी भत्ता आणि एल्टर्नगेल्ड (बाळंतपणानंतरचा पालक भत्ता) तुमच्या निव्वळ पगारावर ठरतात. एल्स्टरवरून दोघांचाही वर्ग चार करून घ्या, पुढच्या महिन्यापासून लागू होतं. बाळाचा विचार असेल तर बदल मुटरशुत्सच्या (प्रसूतीची संरक्षित रजा) निदान सात महिने आधी झालेला हवा.