बाँडिंग केलेला पुढचा दात घासून घेतला तर टिकतो का? (तातडीचं आहे)

सुईदोरा (सोलापूर)
वरच्या समोरच्या दोन दातांत फट होती, ती बाँडिंग करून, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला चिकटवून, बुजवून घेतली. आता डावीकडचा दात उजव्यापेक्षा लांब दिसतो. डॉक्टर म्हणतात, या, पाच मिनिटांत घासून देतो. पण आमचे दाजी म्हणतात की एकदा मशीन लावलं की पकड सुटते आणि वर्षभरात तुकडा हातात येतो. पैसे माझे गेलेत, दाजींचे नाही. २६ तारखेला साखरपुडा आहे. घासून घेऊ की नको, एवढंच सांगा. हो किंवा नाही.

होटगीरोडवाला
कधी केलंय? आणि लांब म्हणजे आरशात लांब, की चावताना लागतो?

सुईदोरा
आरशात. लिहिलंय की वर, "दिसतो" म्हणून.

होटगीरोडवाला
आणि कधी केलं ते?

कोथरूडचा_काका
बाँडिंग हा मुळातच गरिबांचा व्हिनियर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायचं पातळ कवच. मी पोर्सेलिनचे व्हिनियर्स बसवले, सहा दात. आठ वर्षं झाली, अजून तसेच आहेत, चहाचा डागसुद्धा नाही. सरळ पुण्याला या, दोन बैठकांत काम होतं.

पार्कचौक_७
काका, सोलापुरातही दातांचे डॉक्टर आहेत बरं का. आणि बाईंनी व्हिनियर विचारलंच नाही. शिवाय पोर्सेलिनच्या व्हिनियरसाठी बहुतेक वेळा चांगला दात पुढून कोरावा लागतो. तो परत येत नाही. फट बुजवायला कोण दात कोरून घेईल?

कोथरूडचा_काका
मी माझा अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडून द्या.

दाढदुखी_८४
माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनल दोनदा करावं लागलं. दुसऱ्या वेळी कॅप बसवली तेव्हा कुठे शांत झालो. रूट कॅनल झाल्यावर कॅप टाळू नका, दाढ ठिसूळ होऊन चिरते.

सुईदोरा
रूट कॅनल कुणाचंच नाहीये इथे.

बत्तीशी
मी बीडीएस आहे, बार्शी भागात प्रॅक्टिस करते. तपासल्याशिवाय हो-नाही सांगता येणार नाही, पण दाजींच्या म्हणण्यात कुठे गडबड आहे ते सांगते.

बाँडिंगमध्ये आधी इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरावर, फॉस्फोरिक ॲसिडची जेल पंधरा-वीस सेकंद लावतात. त्याने डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. मग पातळ रेझिन त्यांत शिरतं आणि निळ्या लाइटने तिथेच घट्ट होतं. त्यावर मसाला बसतो. पकड ती, दात आणि मसाला यांच्या मधली. डॉक्टर घासणार ते बाहेरून, टोकाला. आणि मुळात प्रत्येक बाँडिंग घासूनच आकाराला आणतात. थोडा जास्तीचा मसाला लावायचा आणि मग बर (मशीनचं बारीक घासायचं टोक) आणि डिस्कने (घासायची चकती) उतरवायचा, हीच पद्धत आहे. दाजींचं खरं असतं तर एकही बाँडिंग क्लिनिकच्या दाराबाहेर गेलं नसतं.

पण घासण्याने बिघडतच नाही असंही नाही. पाणी न सोडता जोर देऊन कोरडं घासलं तर मसाला तापतो. जास्त उतरवलं आणि टोकाशी पापुद्राच उरला, तर तो भाकरीच्या पापुद्र्यासारखाच तुटतो. आणि सगळ्यांत जास्त वेळा होतं ते हे की घासतात आणि पॉलिश न करता सोडतात. खरखरीत मसाला चहा धरतो, हळद धरतो, कीटण धरतो.

म्हणून विचारते. आधी एकदा घासलंय का? पॉलिश झालं का? आणि आत्ता ओठ मिटून खालचा जबडा हळू पुढे सरकवून बघा, डावा दात उजव्याच्या आधी लागतो का?

सुईदोरा
तीन आठवडे झाले. बाँडिंगच्याच दिवशी घासलं होतं. पॉलिश राहिलं, कारण लाइट गेली आणि त्यांचा इन्व्हर्टरही बसलेला. "आठवड्यात या, करून टाकू" म्हणाले. युनिफॉर्मचा सीझन, मला वेळ कुठला.

जबडा पुढे नेला तर डावा आधी लागतो, टक् असा आवाज येतो. पण दुखत नाही. आणि डाव्या दाताला हिरडीजवळ फिकट तपकिरी रेघ आलीय, तिचा याच्याशी संबंध नसावा.

पार्कचौक_७
नसावा! अहो, हीच तर सगळी गोष्ट होती.

होटगीरोडवाला
तीन आठवडे. पाच उत्तरांनंतर मिळाले.

बत्तीशी
संबंध आहे. हिरडीजवळचा भाग पॉलिशविना राहिला की तिथे आधी रंग बसतो. तीन आठवड्यांची रेघ बहुतेक वरवरची असते, पॉलिशने जाते.

आणि टक् आवाज आला म्हणजे प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. दात उंच लागतोय. खालचे दात दिवसभर त्या टोकावर आपटत राहिले तर टोकाचा टवका उडणारच. म्हणजे तुमच्या बाबतीत घासल्याने आयुष्य कमी होणार नाही, न घासल्याने होईल.

आजोबा_५१
हे सगळं प्लास्टिक आहे. आमच्या वेळी बाभळीचं दातवण आणि मीठ-कोळसा. माझे पंचाहत्तरीत अठ्ठावीस दात शाबूत आहेत. रोज कोळशाच्या पुडीने घासा, रेघ जाईल आणि दात मोत्यासारखे होतील.

बत्तीशी
आजोबा, तुमच्या दातांना नमस्कार. पण बाँडिंगवर कोळसा, मीठ किंवा मिश्री अजिबात नको. चरे पडतात आणि उरलेली चकाकीही जाते. मऊ ब्रश आणि साधी पेस्ट. आणि हे खूळ नवीन नाही. ॲसिड लावून इनॅमलवर मसाला चिकटवण्याची कल्पना बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने १९५५ मध्ये मांडली. तुमच्यापेक्षा चारच वर्षांनी लहान आहे.

आजोबा_५१
मग ठीक आहे.

कॅम्पातला_बंडू
मी सोपा उपाय केला होता. नखं घासायची कानस असते ना, तिने आरशासमोर दोन मिनिटं. फुकटात काम.

बत्तीशी
कृपा करून कुणी हे करू नका. मसाला कुठे संपतो आणि स्वतःचा दात कुठे सुरू होतो हे घरच्या आरशात कळत नाही. इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही.

कॅम्पातला_बंडू
मला तर काय झालं नाही बे.

होटगीरोडवाला
अजून.

मुळेगावकर
माझा अनुभव सांगतो. माझं बाँडिंग दोन वर्षं मस्त होतं. मग "अजून थोडं आखूड करा" म्हणून मीच डॉक्टरच्या मागे लागलो आणि जास्त उतरलं. परत वाढवायला गेलो तर जुन्या मसाल्यावर नवीन चढवताना आधी तो खरवडला, मग जोड धरायला सायलेन नावाचं काहीतरी लावलं, मग नवीन थर. जोड उन्हात दिसतोच, रंगही किंचित वेगळा. काढणं सोपं असतं, जोडणं अवघड. एका वेळी केसभरच काढायला सांगा.

सुईदोरा
हे उपयोगाचं आहे. धन्यवाद. मग पॉलिशला जाणारच आहे तर त्याच वेळी दात पांढरेही करून घेऊ का? फोटोत बरे दिसतील.

बत्तीशी
नको! ब्लीचिंगने तुमचे स्वतःचे दात उजळतील, बाँडिंगचा मसाला आहे त्याच रंगाचा राहील. साखरपुड्याच्या फोटोत दोन तुकडे वेगळे दिसतील. पांढरे करायचे तर बाँडिंगच्या आधी करायचे आणि मग एक-दोन आठवडे थांबून बाँडिंग. आता ती वेळ गेली.

आणखी एक. खुर्चीतून उठल्या उठल्या रंगावरून वाद घालू नका. दात कोरडे पडले की काही तास जास्त पांढरे दिसतात, दुसऱ्या दिवशी बघा.

कोथरूडचा_काका
व्हिनियर्सना हा प्रॉब्लेम नाही.

पार्कचौक_७
काका, पोर्सेलिनही ब्लीच होत नाही. तुमच्या बाजूचे दात पांढरे केले तर तुमचेही वेगळेच दिसतील.

उळे_नाका
विषयांतराबद्दल माफी. कडक भाकरी बाँडिंगवाल्यांना चालते का? मी तर ती चुरूनच खातो, पण आमच्या घरात लोक बिस्किटासारखी समोरच्या दाताने मोडतात. वर शेंगाची चटणी. आणि हो, खरी कुटलेली शेंगा चटणी हल्ली कुठे मिळते? मिक्सरची नको.

बत्तीशी
चालते, हाताने मोडून दाढेने चावा. समोरच्या दातांनी ऊस सोलणं, बाटलीचं झाकण काढणं, पेन चावणं, हे बंद. नीट सांभाळलं तर बाँडिंग साधारण तीन ते दहा वर्षं जातं. एवढा फरक का, तर तो सवयींचा. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, लागतं.

सुईदोरा, तुमच्या अशा काही सवयी?

सुईदोरा
काही नाही. ऊस नाही, पेन नाही, तंबाखू तर नाहीच. दिवसाचे पाच-सहा चहा, बस.

होटगीरोडवाला
ताई, एक विचारू? तुम्ही शिवणकाम करता, आणि तुमचं नाव सुईदोरा आहे. दोरा कशाने तोडता?

सुईदोरा
दाताने. सगळेच तोडतात. कात्री शोधत बसलं तर दिवसाला चाळीस शर्ट कसे निघतील? काखेतली शिवण संपली की दोरा डावीकडच्या दातात धरायचा आणि मान जराशी झटकायची. पंधरा वर्षांची सवय आहे, हात मशीनवरून उचलावाच लागत नाही. ती काय "सवय" आहे होय?

पार्कचौक_७
🙏

बत्तीशी
पॉलिएस्टरचा दोरा म्हणजे दाताच्या टोकावर करवतच. बायकांच्या समोरच्या दातांना बारीक खाच पडलेली मी शिलाईच्या घरांत कितीतरी वेळा पाहिलीय, आणि ती खऱ्या इनॅमलला पडते. मसाल्याचं काय होईल? आरशात डाव्या दाताचं टोक नखाने चाचपून बघा.

सुईदोरा
आहे. अगदी बारीक आहे, नख अडकतं. मला वाटलं तो आकारच तसा दिलाय.

दाढदुखी_८४
मी तरी एकदा एक्स-रे काढून घेईन. माझं दुसरं रूट कॅनल तेवढ्यामुळेच वाचलं असतं.

सुईदोरा
काल जाऊन आले. ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

निळा कागद दातात धरायला दिला, चावा म्हणाले, मग जबडा पुढे न्या. डाव्या दाताच्या मागच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा निळा ठिपका उमटला, उजव्याला काहीच नाही. इंजेक्शन वगैरे नाही. पाणी सोडत थोडं घासलं, पुन्हा कागद. असं तीनदा. तिसऱ्या वेळी दोन्ही दातांवर सारखे फिकट ठिपके आले तेव्हा थांबले. टोकाची खाच होती तिथे मसाल्याचा ठिपका चढवला. लाइट मारताना मी मनात मोजलं, वीसपर्यंत. मग चार डिस्क, एकीपेक्षा एक बारीक. शेवटचीचा आवाजच येत नव्हता. जीभ फिरवली तर दात कुठला आणि मसाला कुठला ते कळत नाही. रेघ जवळजवळ गेली.

लांबी किती कमी केली विचारलं तर म्हणाले अर्धा मिलिमीटरही नाही. आरशात मात्र आता दोन्ही सारखे.

कात्री नाडीला बांधून गळ्यात घातलीय. आज सकाळपासून सात वेळा दोरा तोंडापर्यंत नेला आणि परत आणला. शर्ट एकतीसच निघाले.

दाजींना सांगितलं. म्हणाले, वर्ष होऊ दे.

मुळेगावकर
छान झालं. साखरपुड्याच्या शुभेच्छा.

उळे_नाका
अभिनंदन. चटणीचं कुणीच सांगितलं नाही.

आजोबा_५१
पॉलिशचे किती घेतले?

सुईदोरा
पॉलिशचे काही नाही, ती त्यांच्याकडचीच उधारी होती. खाचेच्या ठिपक्याचे मात्र घेतले. चटणी आई घरीच कुटते, विकत देत नाही.