मदत हवी आहे : लांबलचक पोलिश शब्दांत जोर कुठे द्यायचा?
नमस्कार मंडळी, वॉर्सात पोलिश शिकतेय. शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, हा नियम पाठ आहे. ‘न्येबेस्प्येचेन्स्त्फो’ म्हणजे धोका. मी सुरुवातीला ‘नि-ए’ असं फोडायचे. तिथल्या स्पेलिंगमधला ‘इ’ फक्त ‘न’ मऊ करतो, वेगळा मोजायचा नाही, हे उशिरा कळलं. आता न्ये-बेस्-प्ये-चेन्-स्त्फो, जोर ‘चेन्’वर, छान जमतं.

अडते ते ‘झ्रो-बि-लि-बि-श्मी’पाशी, म्हणजे ‘आम्ही केलं असतं’. व्याकरणाप्रमाणे हा त्या नियमाला अपवाद, जोर शेवटून चौथ्या अक्षरावर, म्हणजे पहिल्या ‘बि’वर. पण आजूबाजूला कित्येकजण दुसऱ्या ‘बि’वर देतात! ‘मातेमातिका’तही (म्हणजे गणित) तेच, पुस्तकात जोर दुसऱ्या ‘मा’वर, कानावर पडतो ‘ति’वर. तोंडी परीक्षेत बोलीतला जोर चालतो का? आणि असे शब्द तुम्ही कानात कसे बसवलेत? कृपया सांगा.