वायरिंगनंतर भिंतीत राहिलेले चर आणि खड्डे कसे बुजवावेत?

डोंबिवलीकर (प्रश्न)

नमस्कार. आमची इमारत चाळीस वर्षे जुनी असून भिंती विटांच्या आणि गिलावा सिमेंटचा आहे. लाकडी पट्ट्यांवरचे जुने वायरिंग काढून नुकतेच सर्व खोल्यांत कन्सील्ड वायरिंग करून घेतले. पाइप आणि लोखंडी बॉक्स बसले आहेत, परंतु चर अजून उघडे आहेत, जुन्या बोर्डांच्या जागी वीतभर रुंदीचे खड्डे आहेत, आणि पट्ट्या ज्यांवर ठोकलेल्या होत्या त्या लाकडी गुट्ट्या भिंतीत तशाच आहेत. इलेक्ट्रिशियनच्या मते सगळे पीओपीने भरून लगेच रंगाऱ्याला बोलवावे. शेजाऱ्यांनी तसेच केले होते आणि आज त्यांच्या घरात पाइप कुठून गेला आहे हे भिंतीवरील सरळ भेगांवरूनच कळते. योग्य पद्धत कोणती?

बांधकाम_ठाणे

भेग पडते त्याची कारणे बहुधा भरणी सुरू होण्यापूर्वीचीच असतात, म्हणून आधी चर तपासावेत. पाइप हुकांनी घट्ट धरलेला हवा. बोटाने दाबल्यावर हलत असेल, तर त्यावर काहीही भरले तरी ते सुटणार. पाइपच्या पाठीवर किमान 12 ते 15 मिमी जाडीचा गिलावा बसेल एवढी खोली हवी, कारण गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट चिकटत नाही आणि वरचा पातळ पापुद्रा स्वतःच्या बळावर टिकत नाही. बॉक्सची कड तयार पृष्ठभागाच्या पातळीत यावी आणि आत माल जाऊ नये म्हणून त्यात कागदाचे बोळे कोंबावेत. इलेक्ट्रिशियनकडून मेगर (तारांचे इन्सुलेशन तपासण्याचे उपकरण) लावून इन्सुलेशनची तपासणी याच टप्प्यावर करून घ्यावी, आणि प्रत्येक भिंतीचे टेप धरून छायाचित्र काढून ठेवावे. पुढे खिळा ठोकताना त्याचाच आधार असतो.

जाळीच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. चराच्या रुंदीएवढीच कोंबडीजाळी आत दडपली, तर तिचा उपयोग जवळपास शून्य, कारण भेग पडते ती जुन्या आणि नव्या गिलाव्याच्या सांध्यावर. चराच्या दोन्ही बाजूंचा गिलावा दोन-दोन इंच विटेपर्यंत काढावा आणि जाळी विटेवर खिळ्यांनी ताणून बसवावी. थोपटून पाहिल्यावर कडेचा गिलावा पोकळ वाजत असेल, तर तोही काढावा. इथे हात आखडता घेऊ नये.

त्यानंतर धूळ झाडून भिंत चांगली भिजवावी, सिमेंटची पातळ रबडी मारावी आणि ती ओली असतानाच एकास चार या प्रमाणातील सिमेंट-वाळूचा माल थापीने दाबून भरावा. खड्डा खोल असेल तर एका वेळी 12 ते 15 मिमीपेक्षा जाड थर देऊ नये. पहिला थर खरवडून ठेवावा आणि तो कडक झाल्यावर दुसरा द्यावा. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवावा, त्यात पुन्हा पाणी घालून तो मऊ करू नये. सात दिवस पाणी मारणे आवश्यक आहे, आणि गवंडी निघून गेल्यावर हे काम कोणी करत नाही हा सार्वत्रिक अनुभव आहे.

पीओपी कोरड्या भिंतीतील लहानसहान भरणीला चालतो. मात्र तो ओल धरतो आणि ओलीत लोखंडी बॉक्सला गंज चढवतो, म्हणून बाहेरच्या किंवा न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत तो वापरूच नये.

रंगकाम_नाशिक

गुट्ट्यांचे उत्तर राहिले. त्या छिन्नीने पूर्ण काढाव्यात. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे वरून कितीही लांबी (रंगाऱ्यांची खड्डे बुजवण्याची लुकणासारखी भरणी) भरली तरी वर्षभरात त्याच जागी चौकोनी डाग उमटतो. दुसरे असे की, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी खड्डे भरण्यासाठी नसते. तिचे दोन हात मिळून जाडी साधारण दीड मिलिमीटरच असावी. नवा गिलावा जुन्यापेक्षा अगदी किंचित, जेमतेम मिलिमीटरभर आत ठेवला, तर पुट्टी दोन्हींवर एकसारखी ओढता येते. प्रायमर भरणी पूर्ण वाळल्याशिवाय लावू नये. भरणीचा रंग सगळीकडे सारखा फिकट दिसेपर्यंत थांबावे, मग रंगारी कितीही घाई करो.

वाडा_सदाशिव

हा सल्ला सिमेंटच्या गिलाव्यापुरता बरोबर आहे, पण वाचणाऱ्यांत जुन्या वाड्यांत राहणारेही असतील. चुन्याच्या गिलाव्यात सिमेंट भरू नये. सिमेंटचे ठिगळ भोवतालच्या चुन्यापेक्षा कडक असते आणि ओल सहजी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे ती ओल शेजारच्या चुन्यातून वाट काढते आणि ठिगळाभोवतीच पोपडे सुटतात. तिथे मुरवलेला चुना आणि वाळूच वापरावी. वेळ अधिक लागतो, त्याला इलाज नाही.

डोंबिवलीकर

सर्वांचे आभार. बेडरूममधील साडेचार इंची भिंतीत इलेक्ट्रिशियनने सुमारे सात फूट लांबीचा आडवा चर मारला आहे. तोही याच पद्धतीने भरावा का?

बांधकाम_ठाणे

तो भरण्याआधी थांबावे. आडव्या चराची खोली भिंतीच्या जाडीच्या एक-षष्ठांशापेक्षा आणि उभ्या चराची एक-तृतीयांशापेक्षा अधिक नसावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. साडेचार इंची भिंतीत आडव्यासाठी जेमतेम 19 मिमी मिळतात, म्हणजे 20 मिमीचा पाइपदेखील त्यात नियमाने बसत नाही. शक्य असल्यास पाइप छताजवळून फिरवून प्रत्येक बोर्डावर उभा उतरवून घ्यावा. तो चर मग याच मालाने, विटेचे तुकडे दाबून, दोन थरांत भरावा आणि पलीकडच्या बाजूच्या गिलाव्याला तडे गेले आहेत का हेही पाहावे.