चाच्यांची खंडणी जनतेच्या पैशातून द्यावी का?

नांगर (धागाकर्ता)

२०२३ च्या अखेरीपासून सोमालियाच्या समुद्रात जहाजं पळवण्याचे प्रकार पुन्हा सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये ‘एमव्ही अब्दुल्ला’ हे बांगलादेशी जहाज २३ खलाशांसकट पळवलं गेलं. महिनाभराने ते सुटलं आणि खंडणी मोजल्याच्या बातम्या आल्या. तेव्हापासून एकच वाद डोक्यात घोळतोय. मालकाने हात वर केले, तर ओलीस असलेल्या नागरिकांची खंडणी सरकारने भरावी का?

माझ्या मते भरू नये. हे मी निर्दयपणे म्हणत नाही, खूप विचार करून म्हणतोय.

जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय आणि इंटरपोल यांचा २०१३ मध्ये एक अहवाल आला होता. २००५ ते २०१२ या काळात सोमालियाच्या आसपास १७९ जहाजं पळवली गेली आणि खंडणीची रक्कम ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलरच्या दरम्यान गेली, असा त्यातला अंदाज आहे. शिडी लावून जहाजावर चढणाऱ्या पोराच्या हाती यातले ३० ते ७५ हजार डॉलर पडत. मलिदा पैसा लावणाऱ्यांचा, आणि तोच पुढच्या मोहिमेच्या बोटी, इंजिनं, बंदुका घेई. म्हणजे आज सोडवलेल्या माणसाची किंमत उद्या धरला जाणारा मोजतो.

जहाजमालक घासाघीस करतो, कारण त्याच्या खिशाला तळ असतो. सरकारी तिजोरीला तळ आहे असं कुठलाच चाचा मानणार नाही. २००९ मध्ये ‘अलाक्राना’ ही स्पेनची टुना पकडणारी बोट ३६ जणांसह पळवली गेली. सरकारने पैसे दिल्याचं नाकारलं. पुढे २०११ मध्ये दोन चाच्यांना शिक्षा सुनावताना तिथल्या न्यायालयानेच नोंदवलं की खंडणी सरकारशी संबंधित सार्वजनिक संस्थांनी भरली होती. अमेरिकेचा अनुभव याहून जुना. १७९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या चाच्यांच्या राज्याशी, अल्जियर्सशी, तह करून तिने ओलीस खलाशांसाठी ६ लाखांहून अधिक डॉलर मोजले, वर दरसाल नजराणा कबूल केला. मग शेजारच्या त्रिपोलीनेही हात पुढे केला आणि १८०१ मध्ये लढाई करावीच लागली.

तिसरा_इंजिनिअर

नांगर, तुमचा हिशेब चोख आहे. फक्त त्यात जहाजावरचा माणूस कुठेच नाही.

‘आइसबर्ग १’ आठवतं का? मार्च २०१० मध्ये पळवलेलं जहाज. ध्वज, म्हणजे नोंदणी, पनामाची, कंपनी दुबईची, खलाशी येमेन, भारत, घाना, सुदान, पाकिस्तान, फिलिपिन्सचे. मालकाने पैसे दिले नाहीत. ती माणसं जवळपास २ वर्षं ९ महिने तिथे सडली. डिसेंबर २०१२ मध्ये पुंटलंडच्या (सोमालियातला स्वायत्त प्रांत) सागरी पोलिसांनी वेढा घातला तेव्हा सुटली, तीही सगळी नाही. आता सांगा, त्यांनी कोणाकडे बघायचं होतं? पनामाकडे?

मोठ्या कंपनीच्या जहाजाला अपहरणाचा विमा असतो, वाटाघाटीला पगारी तज्ज्ञ असतात, पैसे विमानातून पॅराशूटने जहाजाशेजारी पडतात. ते खलाशी घरी येतात. ‘खंडणी द्यायची नाही’ हे तत्त्व प्रत्यक्षात कोणाला लागू होतं? भंगाराच्या लायकीच्या जहाजावर, पगार तीन महिने थकलेला असताना चढलेल्या पोराला.

२०११ मध्ये मी एडनच्या आखातातून गेलोय. रेलिंगला काटेरी तारा, बाजूने समुद्रात पाणी फेकणारे फायर होज. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून पुतळे केले आणि ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, बाहेरच्या सज्ज्यावर उभे केले, लांबून पहारेकरी दिसावेत म्हणून. स्टिअरिंग गिअर रूममध्ये, म्हणजे सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत, लपायची जागा होती. तिथे पाण्याचे कॅन, बिस्किटं, सॅटेलाइट फोन आणि एक बादली. बादली कशाला ते सांगायला नको. रात्री तिथला दरवाजा आतून बंद होतो ना, हे मी दोनदा तपासून यायचो. त्या दिवसांत मला कोणी ‘तुझ्यासाठी पैसे देणं धोरणात बसत नाही’ असं सांगितलं असतं, तर पहिल्याच बंदरात उतरलो असतो. खलाशी उतरले तर माल कोण नेणार?

फिर्याद

कायद्याची बाजू थोडक्यात. सरकारने द्यावेत की नाही आणि कोणीच देऊ नयेत की काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ नको. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं की चाच्यांना खंडणी देणं हा तिथल्या कायद्याने गुन्हा नाही. उलट टोक इटलीचं. जमिनीवरची अपहरणं थांबेनात म्हणून १९९१ च्या कायद्याने अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ताच गोठवायची सोय केली. त्यावर मोठा आक्षेप असा होता की घरचे पोलिसांना न कळवता परस्पर सौदा करतात. बंदी घातली की व्यवहार अंधारात जातो, हे विसरू नये.

लाटेवर

नांगर यांच्याशी सहमत. सरकार या सौद्यात उतरलं की मागणी पैशांवर थांबत नाही. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ सप्टेंबर २०१० मध्ये पळवलं, १५ जण, सगळे भारतीय. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली आणि चाच्यांनी सोडले फक्त ८. उरलेल्या ७ जणांच्या बदल्यात भारताने पकडलेले शंभराहून अधिक सोमाली चाचे परत मागितले. ते सात जण ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. ज्या दिवशी ओलिसाचा पासपोर्ट बघून भाव ठरू लागला, त्या दिवशी तो पैशांचा ओलीस राहिला नाही, सरकारचा झाला.

त्यापेक्षा नौदलावर खर्च करा. मार्च २०२४ मध्ये पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावर भारतीय नौदलाने सुमारे ४० तासांच्या कारवाईत ३५ चाचे पकडले आणि १७ खलाशी सुखरूप बाहेर काढले. एक डॉलर दिला नाही.

तिसरा_इंजिनिअर

‘रुएन’चा मलाही अभिमान आहे. पण २००९ मध्ये फ्रेंच कमांडोंनी ‘तानित’ या शिडाच्या बोटीवर कारवाई केली, त्यात एक ओलीस गेला. २००८ मध्ये आपल्याच नौदलाने चाच्यांचं समजून बुडवलेलं जहाज पळवलेली थाई मासेमारी बोट निघाली, तिच्यावर ओलीस होते. शिवाय युद्धनौकेचं इंधन, कमांडो, विमानं हा कोणाचा पैसा? जनतेचाच. मालवाहतूक सुरळीत राहावी म्हणून तिजोरी उघडते आणि खलाशाच्या जिवापाशी आलं की तत्त्व आडवं येतं. हे मला पटत नाही.

नांगर

तुमचा विम्याचा मुद्दा माझ्या मनाला लागला, हे कबूल करतो. तरीही एक उदाहरण विचारात घ्या. ‘अल्बेडो’ नोव्हेंबर २०१० मध्ये पळवलं गेलं. २०१२ मध्ये पाकिस्तानात वर्गणी उभी राहिली आणि सात पाकिस्तानी खलाशी सुटले. फक्त तेच. बाकीचे मागे राहिले. जुलै २०१३ मध्ये जहाज बुडालं आणि वाचलेले ११ जण जून २०१४ मध्ये निसटले. प्रत्येक देशाने आपापला माणूस विकत घ्यायचा ठरवला तर गरीब देशाच्या खलाशाचं हेच होणार. एकाच केबिनमध्ये झोपलेल्यांपैकी कोण जाणार हे पासपोर्टवरून ठरणार.

पैसा धंद्यातूनच यायला हवा. हॅम्बुर्गने १६२४ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांनी धरलेल्या खलाशांना सोडवायला निधी काढला होता. खलाशी आणि जहाजमालक दोघांनी भरायचं, वर चर्चमधून वर्गणी. आज बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून अशी रक्कम सक्तीने घ्या. ध्वज कोणताही असो, मालक बुडीत असो, निधी सगळ्या खलाशांना सारखा.

धाकटी

मी कधी लिहीत नाही, वाचते. आज राहवलं नाही.

माझा भाऊ धरला गेला होता. जहाजाचं नाव घेत नाही. फोन पहाटे तीनच्या सुमारास यायचा. दोन मिनिटांत तुटायचा, म्हणून आम्ही फोनशेजारी वही ठेवली होती. काय विचारायचं ते आधीच लिहून ठेवायचो: औषध मिळतं का, पाणी मिळतं का, कंपनीचं कोणी बोललं का. एकदा वडिलांनी वहीकडे न बघता फक्त “जेवलास का?” विचारलं आणि फोन तुटला. कितीतरी दिवस ते स्वतःला दोष देत होते. कंपनीचा नंबर तोवर बंद झाला होता. सरकारी कचेरीत नीट बसवायचे, ऐकून घ्यायचे, आणि सांगायचे की सरकार चाच्यांशी बोलत नाही.

नांगरदादा, तुमचा निधी मला मान्य आहे. मनापासून मान्य आहे. पण तो उभा राहीपर्यंत जे तिथे आहेत त्यांचं काय?

नांगर

ताई, यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एवढं म्हणेन की सरकारने त्या काळातला थकलेला पगार घरी पोचवावा, वाटाघाटीसाठी जाणकार माणूस द्यावा आणि नंतर मालकाची दुसरी जहाजं अडकवून ते वसूल करावं. पण चाच्यांच्या हातात सरकारचा पैसा जाऊ नये, यावर मी अजून ठाम आहे. भाऊ सुटले का? पैसे कोणी दिले?

धाकटी

सुटला, दहा महिन्यांनी. जहाजावरच्या सगळ्यांच्या घरांनी मिळून वर्गणी काढली, काही ओळख नसलेल्या लोकांनी दिले, शेवटी मालकाच्या भागीदाराने थोडे घातले. फोनशेजारच्या त्याच वहीत मागच्या पानांवर कोणाकडून किती घेतले ते लिहिलंय. अजून अकरा नावं फेडायची आहेत. भाऊ पुन्हा जहाजावर गेलाय, त्यासाठीच.