एंटँगलमेंटला ‘गुंतागुंत’ म्हटलं तर काय बिघडलं?

वडगावची बाई
नमस्कार. आमच्या हायस्कुलात विज्ञान प्रदर्शन आहे. दहावीच्या मुलींनी पुंजभौतिकीवर, म्हणजे क्वांटम फिजिक्सवर, सहा फलक केलेत. त्यातला एक एंटँगलमेंटचा, म्हणजे दोन कण लांब असले तरी त्यांची मोजमापं एकमेकांशी जुळतात त्याचा. त्यावर मी ‘पुंज गुंतागुंत’ असं लिहून दिलं. घरी वडिलांनी ते वाचलं. त्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. म्हणाले, “गुंता म्हणजे नुकसान. सूत गुंतलं की तो दिवस गेला. ह्याच्यात कौतुक काय आहे?” मी सांगितलं, २०२२ चं नोबेल तिघांना ह्याच कामासाठी मिळालंय. तर म्हणाले, “मग शब्द तुझा चुकलाय.”
तेव्हापासून मलाही तो शब्द खुपायला लागलाय. फलक परवा छापायला द्यायचाय. काय लिहू?

खानापूरकर
वडिलांचं बरोबर आहे. गुंतागुंत म्हणजे किचकटपणा. ‘पुंज गुंतागुंत’ वाचून मला एवढंच कळेल की विषय डोक्यावरून जाणार. ‘गुंफण’ लिहा की.

शहापुरी
गुंफण म्हटलं की डोळ्यांपुढं गजरा येतो. एंटँगलमेंटच लिहा. स्टेशनला कोण अग्निरथ-विश्रामस्थान म्हणतं काय?

निपाणीचे सर
हा विनोद आता शिळा झाला. मुलींना आपल्या भाषेत विचार करता यावा म्हणून तर मराठी शाळा चालवायची. ‘पुंज’ हा शब्द रुजलाच ना?

शहापुरी
कुठं रुजला, सर? पुंज म्हणजे ढीग. आणि क्वांटम म्हणजे ज्याहून लहान वाटा होत नाही तो. अर्थ पार उलटा!

निपाणीचे सर
उलटा नाही. कापसाचा पुंजका आठवा. १९०० साली भौतिकशास्त्रज्ञ प्लांकनं मांडलं ते हेच, की ऊर्जेची देवघेव सलग धारेत होत नाही, पुंजक्यापुंजक्यानं होते. लॅटिनमध्ये तर क्वांटम म्हणजे नुसतं ‘केवढं’. त्यापेक्षा आपला शब्द जास्त सांगतो.

उद्यमबाग
मूळ प्रश्नाकडे येतो. एंटँगलमेंट हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरनं १९३५ साली आणला. जर्मनमध्ये फेरश्रेंकुंग. इंग्रजीत एंटँगलमेंटही त्यानंच लिहिलं. मी मशिनच्या कामासाठी जर्मनीत सात महिने होतो, तिथं हा शब्द रोजच्या बोलण्यात ऐकलाय. हात छातीवर एकमेकांत अडकवून उभं राहतात ना, त्याला हेच क्रियापद. म्हणजे आपली हाताची घडी! गुंता इंग्रजीत शिरला, जर्मनमध्ये तो नव्हताच. तिथं नीट, मुद्दाम घातलेली अडकवण आहे.

खानापूरकर
हाताची घडी, तोंडावर बोट. बाई, फलक तयार झाला बघा.

वडगावची बाई
हसले. पण ‘अडकवण’ विचार करण्यासारखा आहे. कन्नड शाळेतल्या मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली तोडकू म्हणजे गुंता, अडथळा, ते नको; हेणे म्हणजे वेणी घालणे, विणणे, ते चालेल. म्हणजे तिच्याकडंही तेच भांडण.

अथणीचा
एवढं अवघड कशाला करूलाय? आमच्याकडच्या चपलांचा जोड घ्या. एक पाय बेळगावात राहिला, एक पुण्याला गेला. इथं डावा निघाला की तिथं उजवा, बघायला जायला नको. ‘जोड’ लिहा, झालं.

उद्यमबाग
तिथंच तर मेख आहे, अथणीकर. चप्पल डावी की उजवी हे ती शिवली तेव्हाच ठरलं. आपण फक्त उशिरा बघतो. आइनस्टाइनला तसंच वाटायचं, की कणांचंही आधीच ठरलेलं असणार, आपल्याला ठाऊक नाही एवढंच. १९६४ साली जॉन बेल ह्या भौतिकशास्त्रज्ञानं त्याची कसोटी काढली. पुढं तिचं जे रूप प्रयोगाला सोयीचं ठरलं त्यात असं आहे: दोन ठिकाणी वेगवेगळ्या कोनांतून मोजायचं, जुळण्याचा एक आकडा काढायचा. सगळं चपलेसारखं आधीच ठरलेलं असेल, तर तो २ च्या वर जाऊ शकत नाही. पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, म्हणते, जवळजवळ २.८३ पर्यंत जाईल. १९८२ साली पॅरिसजवळ अ‍ॅस्पेनं, नोबेलवाल्या तिघांतल्या एकानं, मोजलं, २ च्या वर गेला. चपलांचा जोड हरला.

अथणीचा
हरला तर हरला. टिकायला बरा आहे.

मुतगेकर वकील
मी विज्ञानातला नाही. पण बाईंचा प्रश्न वाचून आमच्या कोर्टातलं आठवलं. दोन भावांची सामाईक जमीन असते. उताऱ्यावर गट, क्षेत्र, चतुःसीमा सगळं चोख. पण ‘माझी कुठली?’ असं थोरल्यानं विचारलं तर उत्तर नाही. लपवलेलं नाही, ते नाहीच. वाटणी झालेली नाही. उद्यमबागवाले, तुमच्या कणांचं असंच काहीसं आहे काय?

उद्यमबाग
वकीलसाहेब, तुम्ही श्रोडिंगरचंच बोललात! त्याचं म्हणणं नेमकं हे होतं की संपूर्णाची पक्की माहिती असली म्हणून भागांची असतेच असं नाही. आणि गंमत बघा, मोजणी आली की सामाईकपणा संपला. कणांचंही तसंच: मोजलं की एंटँगलमेंट गेलं.
एक फरक सांगायला पाहिजे. इकडच्या कणाची मोजणी झाली म्हणून तिकडच्याला निरोप जात नाही. पुण्यातल्या भावाला स्वतःची मोजणी केली की स्वतःचं तेवढं कळणार. दोघांचं जुळतं का, हे कागद शेजारी ठेवल्यावरच. आणि मोजणीदार कुठल्या बाजूनं साखळी टाकतो, ह्यावर काय हाती लागणार ते अवलंबून. जमिनीत असं होत नाही.

मुतगेकर वकील
जमिनीत असं होत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?

वडगावची बाई
‘अविभक्त’ कसं वाटतं? पुंज अविभक्तता.

खानापूरकर
अविभक्त कुटुंब आठवतं. दहावीच्या पोरींना त्यात भांडणच दिसणार.

शहापुरी
आमच्याकडं सरळ ‘जंटी’ म्हणतात. जंटी खातं, जंटी जमीन. दोन अक्षरं. जंटी कण!

निपाणीचे सर
मराठी शाळेच्या फलकावर कन्नड शब्द? कमाल आहे.

शहापुरी
सर, तूप खाता ना? तोही शब्द तिकडूनच आलाय म्हणतात. पोळीवर घेताना नाही विचारत कुठला ते.

निपाणीचे सर
तूप आलं तेव्हा कोणी आमच्यावर लादलं नव्हतं. ह्यापुढं ह्यावर बोलणार नाही. ‘सामायिक’ हा शुद्ध शब्द असताना जंटी कशाला? पुंज-सामायिकता. आणि वकीलसाहेब, ‘सामाईक’ नव्हे, सामायिक.

मुतगेकर वकील
तीस वर्षं दाव्यात सामाईक लिहितोय, कुठल्या न्यायाधीशानं परत पाठवलं नाही.

बोरगावचा अण्णा
सर, थोडं थांबा. सामायिक हा आमचा शब्द आहे. जैन घरात सामायिक म्हणजे सगळं बाजूला ठेवून समभावानं बसायचं, ४८ मिनिटं. आमची आजी रोज बसायची. आम्ही पोरं ओरडलो की आई म्हणायची, “गप्प, आज्जी सामायिकात आहे.” तो शब्द जमिनीच्या दाव्याला लावला की कसंसंच होतं. जमिनीचं ते सामाईक, वकीलसाहेबांचंच बरोबर.

निपाणीचे सर
दोन्ही एकाच मुळाचे असणार. ‘सम’ पासून.

बोरगावचा अण्णा
आमचे पंडित ‘समय’ पासून सांगतात. समय म्हणजे आत्मा, असा तिथं अर्थ.

खानापूरकर
समय म्हणजे वेळ नाही?

वडगावची बाई
छापणाऱ्याचा फोन येऊन गेला, उद्या सकाळी मजकूर पाहिजे म्हणतो. वडिलांना सामाईक सांगितलं. ते म्हणाले, आमच्या घरातही एक सामाईक आहे, त्याचं नाव काढू नकोस. मग स्वतःच म्हणाले, “पीळ लिही. दोन पदर पिळले की धागा एक, कुठला कुठला विचारायचं नाही.” कोणाला काही वाटतंय का? सहावा फलक सोडून बाकी सगळे तयार आहेत.

शहापुरी
पीळ म्हणजे इकडं माज. “सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.” आणि वर उद्यमबागवाले सांगतात की हा पीळ मोजला की जातो!

बोरगावचा अण्णा
खानापूरकर, वेळ पण आहे. म्हणून तर ४८ मिनिटं. दोन घटका, एक मुहूर्त.

निपाणीचे सर
घटका २४ मिनिटांची, बरोबर. पण अण्णा, आत्मा हा अर्थ तुम्ही कुठल्या ग्रंथातून घेताय ते सांगा, मग पुढं बोलू.