पहिल्या हंगामावरून निकाल नको
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) मार्विन हॅरिसन ज्युनिअर पहिल्याच हंगामात ‘फुसका बार’ निघाला, असं कुणीतरी म्हटलंय; ते मत मला अजिबात पटलं नाही. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) चौथ्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूकडून अपेक्षा मोठ्या असणारच. त्याच ड्राफ्टमधला रिसीव्हर मलिक नेबर्सने पहिल्या हंगामात पास झेलून १,२०४ यार्ड अंतर काढलं, हेही खरं. पण ६२ झेल, ८८५ यार्ड आणि ८ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) याला अपयश कसं म्हणायचं?

दुसरा रिसीव्हर डेव्हांटे अ‍ॅडम्स आठवा. २०१४ मध्ये पॅकर्स संघाकडे आला, पहिल्या वर्षी ४४६ यार्ड. पुढच्या वर्षी संघाचा मुख्य रिसीव्हर जॉर्डी नेल्सन गुडघ्याच्या दुखापतीने पूर्ण हंगाम बाहेर, त्यामुळे भार अ‍ॅडम्सवर, त्यात त्याचा स्वतःचा घोटा दुखावलेला. ४८३ यार्ड, टचडाउन फक्त एक! तेव्हा चाहते त्याच्यावर किती चिडले होते. २०१६ मध्ये नेल्सन परतला आणि अ‍ॅडम्सने १२ टचडाउन केले.

म्हणून यार्डांच्या आधी मी हे बघतो की पोरगा बचावपटूला चकवून मोकळा होतो का, आणि मोकळा झाल्यावर चेंडू वेळेवर येतो का. दुसरी गोष्ट त्याच्या हातात नसते. हॅरिसनला मैदानाच्या मधल्या भागात, छोट्या पासवर जास्त खेळवायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.